थर एका दिवसात बसत नाही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर बेळगावच्या केंद्रात एक तरुण गुरुबंधू कोपऱ्यात गप्प बसला होता. त्याच्या परवानगीने, नाव न घेता लिहितो. गोव्याला सेवेला निघालेला असताना चोर्ला घाटात त्याची मोटरसायकल तापली. लाल दिवा लागला, गाडी बाजूला घ्यावी लागली, सेवा चुकली. रेडिएटरवाली गाडी. कूलंट कमी झालं की वडील दोन वर्षं त्यात बोअरचं पाणी ओतत होते, हे नंतर कळलं. मग मुलाने घरच्या ग्रुपवर, सगळ्या नातेवाइकांसमोर, वडिलांना नको ते सुनावलं. त्या दिवसापासून घरात बोलणं बंद.

रविवारी आम्ही दोघं-तिघं त्याच्याकडे गेलो. ओळखीचे एक मेस्त्रीही आले. ते म्हणाले, "बंबाला आतून पांढरा थर बसतो ना, तेच हे." बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी तापलं की ते वेगळे होतात आणि जिथे जास्त तापतं तिथेच जास्त चिकटतात. थर बसला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती पाणी घालून घालून पातळ होतात. मग ॲल्युमिनियम आतून खायला लागतं.

बंधूंनो, मनाचंही असंच नाही का? घरातल्या छोट्या छोट्या गोष्टी मनात विरघळून राहतात. वरून पाणी स्वच्छ दिसतं. राग तापला की त्या वेगळ्या होतात आणि जिथे माया जास्त, तिथेच जाऊन बसतात.

मुलगा घाईला आलेला. संडास धुवायचं ॲसिड घेऊन आला, म्हणाला, "हे टाकू, पाच मिनिटांत साफ." मेस्त्रींनी बाटली काढून घेतली. "थर जाईल, आणि रेडिएटरही जाईल. धुण्याचा सोडापण नको, तोही ॲल्युमिनियम खातो."

तेव्हा आमच्या पोटात कालवलं. मागच्या उत्सवात जेवणाच्या व्यवस्थेत एका ज्येष्ठ काकांकडून चूक झाली, आणि आम्ही त्यांना केंद्राच्या ग्रुपवर असंच ॲसिड ओतून धुतलं. आमचं म्हणणं खरं होतं. पण काका ग्रुप सोडून गेले, आणि त्यानंतर आरतीलाही आले नाहीत.

मग काम सुरू झालं. आधी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. तापलेल्या रेडिएटरचं टोपण उघडायचं नसतं, आत दाब असतो, उकळतं पाणी अंगावर येतं. (घरात तापलेल्या माणसाशी वाद घालू नये, तोही याच कारणाने.) जुनं कूलंट डब्यात काढलं. ते विषारी आणि चवीला गोड असतं, म्हणून मुलांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब, झाकून ठेवलं. नंतर डिस्टिल्ड पाण्यात स्वयंपाकघरातलं थोडं लिंबूफूल विरघळवून भरलं, पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवलं, पुन्हा गार केलं, पाणी काढलं. गढूळ, तांबूस पाणी आलं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुणं. एकदा, दोनदा, तीनदा. तरी गढूळच.

तिसऱ्या वेळी डिस्टिल्ड पाणी संपलं. मुलगा दुकानाकडे निघणार, तेवढ्यात वडील आतून पाच लिटरचा कॅन घेऊन आले. सकाळीच आणून ठेवला होता म्हणे. काही बोलले नाहीत. मुलाच्या हातात दिला आणि बादली धरून शेजारी बसले. पाचव्या वेळी पाणी नितळ आलं.

शेवटी कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट भरलं, आतली हवा काढली. मेस्त्री जाताना म्हणाले, "साफ केलं म्हणजे झालं असं नाही. दर दोन-तीन वर्षांनी, पुस्तकात लिहिलंय तसं, बदलत राहा." नित्य नामस्मरण कशासाठी, असं कोणी विचारलं तर आम्ही आता हेच सांगू. एकदा केलेली साधना जन्मभर पुरत नाही, ती पातळ होते.

बाप-लेकाचं अजून पूर्वीसारखं नाही. एका धुण्यात पाणी नितळ होत नाही. पण मुलाने त्याच घरच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर, वडिलांची माफी मागितली. जिथे बोललो तिथेच मागितली, हे महत्त्वाचं.

या आठवड्याचा संकल्प: ज्याला आपण ॲसिडने धुतलं, अशा एका माणसाकडे जायचं. फोन नको, मेसेज नको, स्वतः जायचं. आम्ही येत्या रविवारी काकांकडे जातोय. दार उघडतील की नाही, ठाऊक नाही. नाही उघडलं तर पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ.

सद्गुरुचरणी अर्पण.
॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥