केएच्या पाण्यात उतरण्याआधी

हवाईतल्या काउआई बेटाच्या उत्तर किनाऱ्याने जाणारा कुहिओ हायवे जिथे संपतो, तिथे केए नावाचा छोटा किनारा आहे. पुढे रस्ता काढायला जागाच नाही. ना पाली नावाचे कडे तिथून सरळ समुद्रात उतरतात आणि कालालाऊच्या दरीपर्यंत जायचे तर सुमारे १८ किलोमीटरची पायवाट तुडवावी लागते. येतानाचे बरेच पूल एकेरी आहेत. समोरून गाड्या येत असल्या की आपण थांबायचे, त्यांना जाऊ द्यायचे आणि मगच पुढे सरकायचे.

केएच्या समोर प्रवाळाचा बांध आहे. उन्हाळ्यात बाहेरची लाट त्या बांधावर फुटते आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. तळाची वाळू स्वच्छ दिसते, मासे पोहणाऱ्याच्या घोट्यापाशी येऊन परत फिरतात. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधून उसळत आलेल्या लाटा हाच बांध ओलांडतात. आत शिरलेले पाणी बांधातल्या खिंडीतून बाहेर पडू लागले, की त्या ओढीपुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही.

अशी जागा अवचित सापडली की माणसाच्या मनात एकाच वेळी दोन इच्छा उठतात. कोणाला तरी सांगावे, आणि कोणालाही सांगू नये. यात फक्त फुशारकी किंवा स्वार्थ आहे असे समजणे अन्यायाचे होईल. इमॅन्युएल कांटने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सौंदर्यविचारात म्हटले आहे, की सुंदर वस्तूचा आनंद तिच्यावर मालकी मिळवण्याच्या हव्यासापासून मोकळा असतो. आणि एखादी गोष्ट सुंदर आहे असे म्हणताना आपण इतरांच्याही होकाराची अपेक्षा धरतो. म्हणजे सांगण्याची ओढ त्या आनंदातच असते. पण किनारा म्हणजे कविता नव्हे. कविता हजारांनी वाचली तरी झिजत नाही, प्रवाळ झिजतो.

थायलंडच्या फी फी ले बेटावरील माया बे या खाडीने हे जगाला दाखवून दिले. २००० साली आलेल्या ‘द बीच’ या चित्रपटात ती जगापासून लपलेला स्वर्ग म्हणून दिसली. पुढे दिवसाला हजारो माणसे तिथे उतरू लागली, बोटींच्या नांगरांखाली प्रवाळ मोडला आणि जून २०१८ मध्ये सरकारला खाडी बंद करावी लागली. ती जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडली, पण बोटींना आत मज्जाव करून आणि पोहण्यावर निर्बंध घालून. मधल्या काळात काळ्या टोकाच्या परांचे शार्क मासे उथळ पाण्यात परतले होते.

मग न सांगणे हेच शहाणपणाचे का? इथे थोडे थांबायला हवे. सांगावे की लपवावे हा पेच ज्याला पडतो, त्याने एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते: ही जागा आपल्याला सापडली, म्हणून तिचे काय करायचे ते आपण ठरवायचे. हा हक्क आला कुठून? जॉन लॉकने १६८९ मध्ये मालकीचे समर्थन करताना श्रमांचा आधार घेतला; जमिनीत ज्याचे कष्ट मिसळले तिच्यावर त्याचा हक्क, आणि तोही इतरांसाठी तितकेच चांगले आणि पुरेसे उरत असेल तर. नुसत्या सापडण्याला लॉकच्या हिशेबातही मोल नाही. शिवाय दोनशे पावलांच्या किनाऱ्यावर ‘इतरांसाठी तितकेच चांगले’ उरणार तरी कसे?

काउआईला सापडण्याचा इतिहास मोठा आहे. कॅप्टन जेम्स कुक जानेवारी १७७८ मध्ये बेटाच्या दक्षिणेला वायमेआ इथे उतरला, तेव्हा पॉलिनेशियन दर्यावर्दी तिथे येऊन कित्येक शतके लोटली होती. अगदी अलीकडे, १९६९ मध्ये, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेले काही तरुण हाएनाला पोहोचले. हाएना म्हणजे केए ज्या परिसरात आहे तो सगळा भाग. भटकेगिरीच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली होती. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांचे भाऊ हॉवर्ड टेलर यांनी त्यांना आपल्या किनाऱ्यावरच्या जमिनीवर राहू दिले. बांबू, टाकाऊ लाकूड आणि प्लॅस्टिकचे कागद वापरून त्यांनी झाडांवर घरे बांधली. वस्ती वाढत शंभराच्या वर गेली. युद्धाला आणि बाजाराला पाठ फिरवून निघालेल्या त्या तरुणांच्या तळमळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आपल्याला आदिम, कोरी भूमी मिळाली असे त्यांना मनापासून वाटले. १९७७ मध्ये सरकारने ती वस्ती उठवली, घरे जाळली आणि तिथे राज्य उद्यान केले.

ती भूमी कोरी मात्र कधीच नव्हती. केएच्या वाळूपासून थोडे वर चढले की डोंगराच्या पायथ्याशी काउलुआपाओआ हे दगडी चौथऱ्यांचे प्राचीन देवस्थान लागते. हूला नृत्याची देवता लाका हिच्याशी ते जोडलेले आहे. पेलेची कथाही इथलीच. ज्वालामुखीची ही देवी झोपेत असताना तिच्या कानावर दूरचा ढोल आला; त्या आवाजाचा माग काढत तिचा आत्मा हाएनाला पोहोचला आणि तिथला तरुण सरदार लोहिआऊ याच्यावर तिचे मन बसले. पुढे त्याला आणायला तिने आपली धाकटी बहीण हिइआका हिला पाठवले. हिइआकाचा तो खडतर प्रवास हवाईच्या परंपरेतले एक मोठे महाकाव्य आहे.

त्या प्रवासाशी जोडलेले एक स्तोत्र हूला शिकणारे विद्यार्थी आजही म्हणतात. पद्धत अशी. नृत्यशाळेच्या दारात विद्यार्थी रांगेत उभे राहतात आणि आत येऊ देण्याची विनवणी करणारे स्तोत्र एका सुरात गातात. आत बसलेले गुरू ऐकतात. सूर कच्चा वाटला, लक्ष विखुरलेले वाटले, तर आतून उत्तर येत नाही. विद्यार्थी पुन्हा गातात. स्वागताचे स्तोत्र आतून उमटले की मगच उंबरा ओलांडायचा. डोंगरात, देवस्थानात किंवा दुसऱ्याच्या भूमीत पाऊल टाकतानाही हीच रीत पाळली जाते.

कोकणातल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. देवराईतल्या लाकडाला हात लावण्याआधी किंवा गावाचे मोठे काम काढण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात, आणि उजवा कौल मिळाला नाही तर काम थांबते. दोन्ही ठिकाणी विचारण्याला अर्थ आहे तो नकार मिळू शकतो म्हणूनच. उत्तर आधीच ठरलेले असेल तर तो निव्वळ उपचार.

हवाईत हा नकार समुद्रालाही लागू होता. ओपेलू आणि आकू या माशांवर वर्षातून आलटून पालटून बंदी असे. एक खुला झाला की दुसरा बंद. ही व्यवस्था निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. तिच्यातल्या निषेधांमध्ये स्त्रियांनी पुरुषांबरोबर जेवू नये असाही एक होता, आणि काही निषेध मोडल्यास प्राण गमवावे लागत. १८१९ मध्ये राजा लिहोलिहोने स्त्रियांच्या पंक्तीला बसून ही चौकट मोडली ते योग्यच झाले. पण माशांची राखण टिकून राहिली. १८३९ च्या कायद्याने प्रवाळबांधापर्यंतचे पाणी त्या त्या भागातला मुखत्यार आणि तिथली कुळे यांच्या हाती ठेवले. मुखत्याराला एखाद्या जातीचा मासा राखून ठेवता येई किंवा पकडलेल्या माशांतला तिसरा हिस्सा घेता येई.

अमेरिकेने बेटे ताब्यात घेतल्यावर १९०० च्या कायद्याने नोंदणी न झालेले असे सगळे हक्क रद्द केले आणि समुद्र नागरिकांसाठी खुला केला. समतेच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते. पण कोणीही यावे आणि कितीही न्यावे असे झाल्यावर राखायचे कोणी, हे त्या कायद्यात कुठेच नव्हते.

या चर्चेत खुलेपणाची दुसरी बाजू सोडून चालणार नाही. १९६८ मध्ये मोलोकाई बेटावरच्या एका जमिनीच्या वादात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की खासगी जमिनीची हद्द भरतीच्या सरासरी पातळीने ठरत नाही. लाटा वरवर जिथपर्यंत येतात तिथे, वनस्पतींच्या कडेने किंवा लाटांनी टाकलेल्या काडीकचऱ्याच्या ओळीने ती ठरते. या निकालासाठी न्यायालयाने जुन्या रहिवाशांची साक्ष ग्राह्य धरली. सर्वेक्षकाच्या नकाशापेक्षा त्यांच्या आठवणी भारी ठरल्या. हवाईचा किनारा बंगलेवाल्यांच्या कुंपणात गेला नाही, त्यामागे हा निकाल आहे. तेव्हा ‘किनारा सर्वांचा’ हे म्हणणे सोडून द्यावे असे कोणीही सुचवू नये. किनारा सर्वांचा आहे म्हणजे तो कोणा एकाला विकता येत नाही. तो वाटेल तसा वापरता येतो, हा अर्थ त्यातून निघत नाही.

हाएनातल्या जुन्या कुटुंबांनी हीच गोष्ट कायद्यात उतरवली. त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१५ मध्ये तिथल्या पाण्यासाठी मासेमारीचे स्थानिक नियम मंजूर झाले. व्यापारी मासेमारीला बंदी आली आणि पोटापुरते घेण्यावर मर्यादा आली. माकुआ नावाच्या खाजणातला भाग माशांच्या पिल्लांसाठी राखला गेला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे धरणाऱ्यांनी ही बंदी आधी स्वतःवर घालून घेतली.

एप्रिल २०१८ मध्ये काउआईच्या उत्तर किनाऱ्यावर २४ तासांत १२६२ मिलिमीटर पाऊस पडला. अमेरिकेतला हा विक्रम आहे. दरडी कोसळल्या, रस्ता तुटला आणि केएला जाणारी वाट वर्षभराहून अधिक काळ बाहेरच्यांसाठी बंद राहिली. मासे किनाऱ्याजवळ परत येत असल्याचे गावकऱ्यांनी सांगितले. त्याआधी रोज दोन हजारांच्या आसपास पाहुणे येत. जून २०१९ मध्ये उद्यान पुन्हा उघडले तेव्हा ही संख्या ९०० वर आणली गेली. बाहेरच्याला आधी नोंदणी करावी लागते. हवाईच्या रहिवाशाला लागत नाही. आत जाताना अळूची पाणथळ शेते दिसतात. स्थानिक मंडळींनी ती श्रमदानाने पुन्हा उभी केली आहेत.

केएबद्दल सांगावे की लपवावे, हा प्रश्न या व्यवस्थेने मागे टाकला आहे. केए आता गुपित नाही, नकाशावर आहे, आणि तरी पाहुण्याला ९०० च्या आत आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. जागा भरली असेल तर ‘नाही’ ऐकावे लागते. दारात उभे राहून विनवणी करणाऱ्या विद्यार्थ्याचा आदर संगणकावरच्या नोंदणीत आपोआप येतो असे नाही. पण नकार मिळू शकतो ही अट तिथे शाबूत आहे आणि खरी ताकद तिच्यातच आहे. जिला धर्म पवित्र म्हणतो ती जागा इतकीच मागणी करते: येणाऱ्याने स्वतःला तिथला शेवटचा अधिकारी समजू नये.

तरी एक अडचण शिल्लक आहे आणि ती गंभीर आहे. विचारायचे तर उत्तर द्यायला तिथे कोणीतरी हवे. उत्तर किनाऱ्यावरच्या जमिनींच्या किमती आणि त्यांच्यामागोमाग घरपट्टी इतकी चढली, की अनेक जुन्या कुटुंबांना हाएना सोडावे लागले. २०२० च्या अमेरिकी जनगणनेत मूळ हवाईयन वंशाच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५३ टक्के, हवाईबाहेर राहत असल्याचे दिसले. ज्यांच्या आजी-आजोबांना माकुआचा खडकन्‌खडक ठाऊक होता, त्यांची नातवंडे नेवाडात आणि कॅलिफोर्नियात नोकऱ्या करतात. पाहुण्यांची संख्या ठरवून प्रवाळाचा प्रश्न काही अंशी सुटला. राखणदारांच्या घरांचा प्रश्न सुटलेला नाही, आणि नोंदणी करून केएच्या पाण्यात उतरणाऱ्याला तो आपल्याशी संबंधित नाही असे म्हणता येणार नाही.