अकरा महिन्यांचं घर

रेपो दर उतरू लागले तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, आता फ्लॅट घेतलाच पाहिजे. व्याज उतरलं की गिऱ्हाईक वाढणार, आणि गिऱ्हाईक वाढलं की भाव आवाक्याबाहेर जाणार." वाकडच्या एका सेल्स ऑफिसमधून तो नुकताच आला होता. बोलणं तर्काला धरून होतं, तरी मला खुपत राहिलं. २०२० च्या सप्टेंबरात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं, तेव्हा सल्ला होता, सवलत संपायच्या आत घ्या. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँक दर चढवू लागली, तेव्हा सांगितलं गेलं, व्याज आणखी वाढायच्या आत घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून दर उतरू लागले, तर आता भाव चढायच्या आत घ्या. बाजार कुठेही वळला तरी जो सल्ला बदलत नाही, त्याचा बाजाराशी संबंध काय?

रेरा क्रमांक पाहावा, कार्पेट एरिया मोजावा, करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नये, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. मला नेहमी महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच फरक: घर परवडणं आणि हप्ता परवडणं. बँकेच्या टेबलावर घराच्या किमतीची चर्चा फार होत नाही, हप्त्याची होते. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षं, सात टक्के व्याज; महिन्याचा हप्ता सुमारे ३८,८०० रुपये. पगारात बसतो, म्हणजे घर परवडलं असं आपण धरून चालतो. आता हाच दर सुरुवातीलाच नऊ टक्क्यांवर गेला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर कर्ज फिटायला वीसऐवजी अडतीस वर्षं लागतात. तिशीत घेतलेलं घर अडुसष्टाव्या वर्षी मोकळं होणार. हे काल्पनिक भय नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारावरून साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि अनेकांचा हप्ता जागच्या जागी राहून मुदत मात्र लांबत गेली. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दराकडे जायचं, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावावं लागलं.

माझा खरा वाद मात्र एका वाक्याशी आहे. "भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे." घराघरांत वडीलधारी माणसं हे इतक्या खात्रीने सांगतात की कुणी कागदावर मांडून बघत नाही. वरच्याच कर्जात पहिल्या वर्षी ४ लाख ६५ हजार रुपये भरले जातात आणि त्यातले जवळजवळ साडेतीन लाख व्याजात जातात. पुण्यात मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून सात टक्के पहिल्याच दिवशी गेलेले असतात. आपल्या शहरांत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या साधारण तीन-चार टक्केच भरतं. मग पाण्यात नक्की काय गेलं? व्याज हा पैशाचा वापर करण्याचा मोबदला आणि भाडं हा जागेचा वापर करण्याचा. एक शहाणपणाचं आणि दुसरं उधळपट्टीचं, असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही. भाच्याला मी हेच सांगणार होतो: भाड्याने राहा, बाजाराला बाजाराच्या गतीने जाऊ दे.

पण मग गिरगाव, दादर, परळ आठवलं. तिथल्या चाळींत तीन-तीन पिढ्या भाड्याने राहिल्या. बाळंतपणं झाली, मुलं शिकली, मुली सासरी गेल्या, गणपती बसले. खोली आपली नाही याची त्यांना लाज नव्हती आणि धास्तीही नव्हती, कारण त्यांना बाहेर काढणं जवळजवळ अशक्य होतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. याची किंमत शहराने मोजली. मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्यासाठी नवं बांधणं सोडलं, पागडी आली, इमारती खचल्या. कायदा टाळायला मालक तात्पुरत्या परवान्यावर, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर, जागा देऊ लागले. त्यावर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लीव्ह अँड लायसन्सवर जागेत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्याला तात्पुरती जागा दिली तो कायमचा झाला, ही गोष्ट मालकांची घराणी विसरली नाहीत. जागा कुलपात ठेवीन पण देणार नाही, हा बाणा तिथून घट्ट झाला.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही भीती बऱ्याच अंशी दूर केली. मुदत संपली की जागा मालकाला परत मिळते. अडून बसणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. हे योग्यच झालं. तरीही करार अकरा महिन्यांचाच होत राहिला. इतर राज्यांत वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून तिथे अकरा महिन्यांची पळवाट. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, नोंदवावाच लागतो, आणि मुद्रांक शुल्काचा पाव टक्क्याचा दर साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना लागू आहे. म्हणजे महाराष्ट्रात अकरा महिन्यांना कायद्याचं कारणच उरलेलं नाही. उरली आहे ती सवय आणि जुनी भीती.

आणि या सवयीचा भार भाच्यासारख्यांवर पडतो. मालकाचा मुलगा परदेशातून परत येणार म्हणून त्याने एक घर सोडलं, मालकाने जागा विकली म्हणून दुसरं. प्रत्येक वेळी ब्रोकरची दलाली, ट्रक, गॅसचं कनेक्शन, मुलीच्या शाळेची बस. भाच्याला निदान आडनाव विचारून कुणी परत पाठवलं नाही. एकट्या बाईला, मुसलमान कुटुंबाला, मांसाहारी माणसाला ते सरळ ऐकावं लागतं. माझ्या हिशेबात भाडं होतं, व्याज होतं. मुलगी दहावीपर्यंत एकाच शाळेत जाईल, हे कोणत्या रकान्यात मांडायचं? तो मालमत्तेच्या मागे लागलेला नाही. कुणी उठवणार नाही अशी जागा त्याला हवी आहे, आणि आजच्या पुण्यात ती विकत घेतल्याशिवाय मिळत नाही. चाळीतल्या भाडेकरूकडे जे होतं, ते याला पन्नास लाखांच्या कर्जाने मिळवावं लागतं.

म्हणून माझं मत आता असं झालं आहे की त्याने घर घ्यावं. भाव चढणार की उतरणार, हा विचार बाजूला ठेवावा. निदान दहा वर्षं तिथेच राहायचं असेल, तर भावाच्या चढउताराने फारसं बिघडत नाही. हप्ता मात्र आजच्या दराने न मोजता दोन टक्के वर धरून मोजावा. वरच्या कर्जाचा हप्ता नऊ टक्क्यांना पंचेचाळीस हजार होतो. तो पेलत असेल तरच सही करावी. शक्यतो भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार इमारत बघावी. ताब्याची वाट बघत भाडं आणि हप्ता दोन्ही भरायला नकोत, शिवाय जीएसटीही लागत नाही.

ज्या वाचकांचा दुसरा फ्लॅट आहे त्यांना एक विनंती. येत्या वेळी करार तीन वर्षांचा करा. दरवर्षीची वाढ त्यात आधीच लिहून ठेवा, करार नोंदवा. मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याचा तुमचा हक्क अकरा महिन्यांच्या करारात जेवढा आहे, तेवढाच तीन वर्षांच्या करारातही आहे.