सोसण्याची मर्यादा

सोशिकपणास आपल्या घरांतून फार मोठा मान आहे. आपल्या दुखण्यानें दुसऱ्याची धावपळ होऊं नये, ही शिकवण कोणी मुद्दाम देत नाहीं. आईच्या वागण्यांतूनच ती मुलांस मिळते. मला तिच्याविषयीं आदर आहे. परंतु तिला कांहीं मर्यादा आहे कीं नाहीं, हा प्रश्न गेल्या वर्षीं आचोळ्यास एका स्नेह्यांच्या घरीं माझ्यापुढें उभा राहिला, आणि तो अद्याप मला सोडीत नाहीं.

नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील आचोळ्याचें गांवपण आतां नांवापुरतें उरलें आहे. पहांट फुटतांच कर्तीं माणसें मुंबईच्या गाडीस जातात. मागें म्हातारीं माणसें, सुना आणि मुलें राहतात. स्नेह्यांच्या मातोश्रींच्या हातून एके दिवशीं सकाळीं नऊच्या सुमारास कपबशी निसटली. ओठ एका बाजूस ओढला गेला, शब्द बोबडे येऊं लागले. दुखत मात्र कांहींच नव्हतें. 'घटकाभर पडतें; त्याला कामावरून बोलावूं नकोस,' असें त्यांनीं सुनेस सांगितलें, आणि सुनेनें सासूबाईंचा शब्द मोडला नाहीं. दुपारीं शेजारणीनें दृष्ट काढली. कोणी कबुतराचें रक्त चोळावयास सुचविलें. रुग्णालयांत पोंचावयास सायंकाळ झाली.

येथून जवळच सोपाऱ्यास १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या आदेशलेखाचा तुकडा सांपडला. पुढें १९५६ सालीं भुईगांवास नवव्याचाही मिळाला. आजारपणांत लोक नाना प्रकारचीं मंगलकृत्यें करितात, पण त्यांचें फळ अल्प असतें, असें त्या नवव्या लेखांत म्हटलें आहे. शेजारणीची माया खोटी नव्हती. वेळ मात्र गेला.

अर्धांगवायूंत बहुतेक वेळां मेंदूच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकते; कांहीं वेळां वाहिनी फुटते. रक्त न मिळालेल्या मेंदूंतील सुमारें एकोणीस लाख पेशी दर मिनिटास मरतात, असा एक हिशेब आहे. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि तेंही डोक्याचें सी.टी. स्कॅन काढून रक्तस्राव नाहीं अशी खात्री झाल्यावरच. म्हणून घरच्या घरीं गोळी देणें किंवा तोंडांत पाणी ओतणें धोक्याचें. चेहरा वांकडा, हात लुळा, बोलणें अडखळतें, यांपैकीं एक जरी एकाएकीं दिसलें तरी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी, आणि माणूस शेवटचा ठीक केव्हां दिसला होता तें ध्यानांत ठेवावें; डॉक्टर पहिल्यानें तेंच विचारतात.

कोणी म्हणेल, स्वतःच्या देहावर प्रत्येकाचा अधिकार आहे. म्हाताऱ्या माणसास नको असेल तर ओढून कां न्यावें? जाणूनबुजून औषध नाकारणाऱ्यापुढें मी हात जोडीन. परंतु मातोश्रींनीं मरण पत्करलें नव्हतें; त्यांनीं केवळ इतरांचा त्रास वांचवूं पाहिला, आणि तो हिशेबच चुकला. ज्या सुनेची धावपळ होऊं नये म्हणून त्या पडून राहिल्या, तीच आज त्यांना भरविते आणि रात्रीं उठून कूस बदलून देते. जें सोसावयाचें तें आपलें स्वतःचें असेल, तोंवरच सोसण्यास मोल. येथें तर सोसावयास वेदनाही नव्हती. सुनेनें एकदां मला विचारलें, 'त्या नको म्हणत होत्या, तरी मीं न्यावयास हवें होतें का?' होय म्हणणें मला फार जड गेलें. मोठ्यांचा शब्द केव्हां मोडावा हें तिला कोणीं कधीं शिकविलेंच नव्हतें.

खरें पाहतां ही गोष्ट त्या सकाळच्या कितीतरी आधीं सुरू झाली होती. वाढलेला रक्तदाब दुखत नाहीं, म्हणून तो आहे असेंच कोणास वाटत नाहीं. 'बरें वाटतें' म्हणून त्यांच्या गोळ्या सहा महिन्यांपूर्वींच बंद झाल्या होत्या. लोणचें, पापड आणि सुकी मासळी मात्र पानांत येतच होती. दिवसाचें मीठ पांच ग्रॅमांहून कमी असावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मिठागरांच्या या मुलखांत तें ऐकून लोक हंसतात. तंबाखू आणि मधुमेह यांविषयीं सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक असून काय होतें, तें आपण पाहतोंच.

स्नेह्यांस त्यांचा स्वतःचा रक्तदाब मोजून घेण्याविषयीं मीं दोनदां सुचविलें. एखाद्या रविवारीं पाहूं, असें ते म्हणाले.