नित्याचें भिंग

कॅमेऱ्याला रोजच्या वापरासाठीं कोणतें झूम भिंग घ्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ बाजारांतला आहे. नीतिशास्त्राच्या अध्यापकानें त्यांत लक्ष घालण्याचें कारण काय, असें वाचक विचारतील. परंतु तपशिलांत थोडें शिरलें कीं निराळीच गोष्ट दिसूं लागते.

निकॉनच्या झेड मालिकेंतलीं तीन भिंगें उदाहरणार्थ घेऊं. २०१८ सालचें २४-७० मिलिमीटरचें एफ/४ भिंग सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें. २४-१२० चें ६३० ग्रॅम. आणि २०२० सालीं आलेलें २४-२०० चें ५७० ग्रॅम. सर्वांत लांब पल्ल्याचें भिंग मधल्याहून हलकें कसें, याचें उत्तर बहुतांशीं त्याच्या छिद्रांत आहे. पहिलीं दोन सर्वत्र एफ/४ राहतात. तिसरें दूरच्या टोकाला एफ/६.३ पर्यंत मिटतें, म्हणजे तेथें सुमारें दोनपंचमांशच प्रकाश आंत येतो. उन्हांत हें जाणवत नाहीं. दिवेलागणीनंतर माजघरांत जाणवतें. येथवर प्रश्न सोयीचा आहे, व तो ज्यानें त्यानें आपल्या खिशाप्रमाणें सोडवावा.

माझें लक्ष दुसरीकडे आहे. ७० मिलिमीटरवर जो चेहरा पांच फुटांवरून टिपावा लागतो, तोच तेवढाच मोठा २०० मिलिमीटरवर सुमारें चौदा फुटांवरून टिपतां येतो. पांच फुटांवर तो मनुष्य आपणांस पाहतो. हंसतो, किंवा हातानेंच "नको" म्हणतो. चौदा फुटांवर, त्यांतही गर्दींत, नकार देण्याची संधीच त्याला बहुधा उरत नाहीं. आषाढीच्या वाटेवर झाडाखालीं पाय चेपीत बसलेल्या वारकरी बाईचें छायाचित्र रस्त्यापलीकडून घेतां येतें, म्हणून घ्यावें काय?

यावर आक्षेप येईल, व तो उथळ नाहीं. मनुष्य कॅमेरा पाहतांच अवघडतो; सहज भाव दुरूनच सांपडतो. शिवाय जवळ जाणें म्हणजे सौजन्यच, असेंही नाहीं. २४ मिलिमीटरचें भिंग लोकांच्या तोंडावर रोखणारे महाभाग प्रत्येक यात्रेंत भेटतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे मुख्यतः ५० मिलिमीटरच्या भिंगानें काम करीत, आणि तेही पुष्कळदां लोकांच्या नकळतच. तेव्हां अंतर वाढलें म्हणजे अनीति झाली, असें समीकरण मांडतां येणार नाहीं.

पण "नित्याचें" हा शब्द मला सोडीत नाहीं. ॲरिस्टॉटलच्या मतें नैतिक सद्गुण सवयीनें घडतात; आणि कॅमेऱ्यावर रोज चढलेलें भिंग आपल्या पायांनाही सवय लावतें. ७० वर थांबणारें भिंग चार पावलें पुढें जावयास लावतें, व त्या चार पावलांत विचारावें कीं न विचारावें, याचा निर्णय करणें भाग पडतें. लांब भिंगाचा धनी हा निर्णय करूं शकत नाहीं असें नव्हे. त्याला तो करावा लागत नाहीं, एवढेंच. म्हणून मी २४-७० चेंच सुचवीन. शाळेच्या स्नेहसंमेलनांत मागच्या रांगेंतून तें अपुरें पडेल, हें कबूल. त्या दिवसापुरतें लांब भिंग कोणाकडून तरी मागून आणावें.