लज्जा वस्त्रात की दृष्टीत?
सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सांची स्तूपाच्या तोरणांवर यक्षिणी कोरलेल्या आहेत. त्यांच्या अंगावर कमरेचे वस्त्र व अलंकार आहेत, वरचे अंग उघडे आहे. तरीही त्या पवित्र स्थानी त्यांना जागा मिळाली.

मग मर्यादा कशात होती? सीतामाईचे दागिने समोर आले तेव्हा लक्ष्मणाने केवळ नूपुरे ओळखली, कारण नित्य वंदन करताना त्याची दृष्टी तिच्या चरणांवरच असे. द्रौपदी एकवस्त्रा असताना सभेत ओढली गेली. महाभारत दोष तिच्या वस्त्राला देत नाही. तो ओढणाऱ्याचा आणि गप्प बसलेल्या ज्येष्ठांचा आहे.

म्हणून एखाद्या मुलीच्या पेहरावावर बोलण्यापूर्वी साधकाने स्वतःला विचारावे : माझी दृष्टी कोणाची आहे, लक्ष्मणाची की दुःशासनाची?