वेडा राघू आणि बघणारा माणूस

मुरुडच्या किनाऱ्यावर जवळा वाळत पडलेला असतो तेव्हा कावळ्याच्या अकलेबद्दल कुणालाच शंका नसते. राखणीला बसलेली कोळीण पाठमोरी झाली की कावळा दोन उड्या पुढे येतो, तिने मान वळवली की आपण त्या गावचेच नाही असा दुसरीकडे बघतो. त्याला कळतं, आणि त्याला कळतं हे तिलाही कळतं. प्रश्न एवढाच, की नेमकं काय कळतं? ‘हिला आता मी दिसत नाही’ असा काही विचार त्याच्या डोक्यात होतो, की ‘पाठ दिसली की पुढे सरकावं’ एवढी सवय त्याला पुरते? बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

आपण माणसं यातला पहिला पर्याय फार पटकन उचलतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की गेलेल्याची कुठली इच्छा राहिली याचा शोध सुरू होतो. आश्वासनं दिली जातात. जमलेली मंडळी चार पावलं मागे सरली तर तो येईल, हे मात्र एखाद्या म्हाताऱ्यालाच सुचतं. याउलट लॉइड मॉर्गन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1894 मध्ये प्राण्यांच्या अभ्यासकांना घालून दिलेलं पथ्य असं, की साध्या कारणाने भागत असेल तर वरच्या दर्जाची बुद्धी गृहीत धरू नये. पथ्य उत्तमच आहे. पण त्याचा आधार घेऊन पुढे कित्येक वर्षं पक्ष्यांच्या वागण्याला सरसकट ‘उपजत प्रेरणा’ असं लेबल लावून फाइल बंद केली गेली. प्रश्नच न विचारणं म्हणजे काटेकोरपणा नव्हे.

प्रश्न कसा विचारावा याचा एक सुंदर नमुना पुण्यातला आहे. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. जंतूंच्या या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अभ्यासाला निवडला तो वेडा राघू. कावळे-पोपटांच्या नामांकित घराण्यातला हा पक्षी नाही. याचे सोयरे खंड्या आणि नीलपंख. मुरुडला वाडीच्या कडेच्या तारेवर तो हमखास दिसतो. तारेवरून झेपावतो, हवेतच माशी पकडतो, पुन्हा त्याच जागी येऊन तिला आपटतो आणि गिळतो. मधमाशी असेल तर आधी घासून नांगी काढून टाकतो. घरटं म्हणजे रेताड कड्यात आडवं खणलेलं बीळ. नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात, आणि बिळाशी शत्रू दिसला की आत शिरायचं टाळतात. चोचीत चतुर धरून तारेवर ताटकळत बसतात.

वाटव्यांच्या चमूने या ताटकळण्याचाच उपयोग करून घेतला. शत्रूच्या भूमिकेत माणूस. त्याने उभं राहायच्या जागा दोन, घरट्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. फरक इतकाच, की एका जागेवरून बिळाचं तोंड दिसतं, दुसरीवरून दिसत नाही. आता राघू आत जातो का, ते मोजायचं. भीती नुसती माणसाच्या जवळ असण्याची असती, तर दोन्हीकडे तो सारखाच बिचकला असता. तसं झालं नाही. बीळ दिसणाऱ्या जागी माणूस असताना पक्षी कमी वेळा आत शिरले. आणखी एक बारकावा हाती लागला. माणसाची नजर आणि बिळाची दिशा यांच्यात एक कोन होतो. हा कोन मोठा असला, म्हणजे माणूस बिळाकडे न बघता दुसरीकडे बघत असला, तर राघू आत जाण्याची शक्यता वाढायची.   हे निष्कर्ष 2002 मध्ये ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

यात मला थक्क करते ती भूमिती. राघू तारेवर आहे, माणूस भलतीकडे. माणसाला काय दिसतं हे राघूच्या जागेवरून दिसत नाही, ते ताडावं लागतं. लहान मुलाला लपंडावात हे साधायला काही वर्षं जातात. ते स्वतःचे डोळे झाकून समजतं की आपण लपलो.

अर्थात, यावरून राघू माणसाचं मन वाचतो असं म्हणणं घाईचं होईल. ‘याला दिसतं’ हे ओळखणं वेगळं, ‘याला ठाऊक आहे’ हे ओळखणं वेगळं आणि ‘याच्या मनात पाप आहे’ हे तर फारच वेगळं. प्रयोगाने पहिलं दाखवलं. माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे.

प्रयोगशाळांतलं काम कमी मोलाचं नव्हे. निकोला क्लेटन आणि नेथन एमरी यांनी 2001 मध्ये दाखवलं, की ‘स्क्रब जे’ या कावळ्याच्या कुळातल्या ज्या पक्ष्यांनी पूर्वी दुसऱ्याचं साठवलेलं खाणं चोरलेलं असतं, तेच आपलं खाणं लपवताना कुणी पाहिलं तर नंतर एकांतात त्याची जागा बदलतात. चोराच्या मनात चांदणं! पण राघूच्या प्रयोगात पिंजरा नव्हता, बक्षिसाचा दाणा नव्हता, शिकवणी नव्हती. पणाला लागलं होतं ते त्याचं स्वतःचं घर. बुद्धी पोटापाण्याच्या जागी शोधावी, हे वाटव्यांना बरोबर सुचलं.

रायगडच्या किनाऱ्याला हे नवं नाही. मुरुडच्या उत्तरेला, अलिबागेपलीकडच्या किहीमला 1930 मध्ये सलीम अली राहायला आले तेव्हा त्यांच्याजवळ नोकरी नव्हती. होती ती घराजवळची सुगरणींची वसाहत आणि भरपूर वेळ. घरटं नर विणतो. ते अर्धवट झालं की मादी तपासून पसंत करते. मग तो ते पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी पुढचं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे पाहून सिद्ध केलं. तो अभ्यास विणीचा होता, बुद्धीचा नव्हे. पद्धत मात्र तीच: पक्ष्याच्या संसारात घडतंय तिथेच बसायचं, आणि ‘असं असेल तर काय दिसेल’ हे आधी ठरवून मगच बघायचं.

आता मुरुडपुरतं. वेड्या राघूची वीण साधारण फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालते, आणि याच दिवसांत सुट्ट्यांची गर्दी काशीदपासून जंजिऱ्यापर्यंत लोटते. हल्ली जवळच्या फणसाड अभयारण्यात येणाऱ्यांत लांब भिंगाचे कॅमेरे पुष्कळ असतात. ‘आम्ही पुरेसे लांब उभे आहोत’ हे त्यांचं म्हणणं खरंही असतं. पण राघूचा हिशेब नुसत्या अंतराचा नाही, नजरेचा आहे. बिळाच्या तोंडावर भिंग रोखून बसलात तर चोचीतला चतुर चोचीतच राहतो आणि आत पिल्लं थांबून राहतात. तेव्हा कड्यात असं बीळ दिसलं तर तुम्हाला ते दिसणार नाही अशा जागी सरका. एखादं झुडूप मध्ये घ्या. फोटो तारेवर बसलेल्या राघूचाही चांगला येतो.