बाळंते आणि बिनदाराचे घर

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम 2:1–9; 1 शमुवेल 2:18–19; लूक 2:1–12



नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. तेथील घरांस चौकट असते, परंतु परंपरेने तीस कवाड नसते. मग कडी आणि कुलूप कोठून असणार? गावाचे राखण शनिदेव करितो, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. 2011 साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तीही कुलपावाचून; त्या वेळी सर्व देशात तिची चर्चा झाली. 2015 साली गावात पोलीस ठाणेही आले, तेव्हा काळ तेथेही पालटत आहे हे उघड आहे. त्या श्रद्धेचा आणि आमच्या विश्वासाचा मार्ग एक नाही, आणि त्याविषयी वाद घालण्याकरिता आम्ही आज लेखणी घेतलेली नाही. आमचे लक्ष एका लहानशा गोष्टीकडे गेले आहे. ज्या चौकटीस दार नाही, तिच्यापुढे रात्री कित्येक घरी एक सुटी फळी उभी करून ठेवितात. कुत्रे आत शिरू नये, एवढ्यापुरती ती फळी. म्हणजे कुत्र्याकरिता फळी आहे, पण चोराकरिता कुलूप नाही. खरी गरज कोणती आणि केवळ भय कोणते, ह्याचा निवाडा त्या घरातील माणसांनी पूर्वीच करून ठेविला आहे.

असाच निवाडा ज्या घरी पाळणा हलावयाचा आहे त्या घराने करावयास पाहिजे, आणि तो बाळ जन्मण्यापूर्वी केला पाहिजे. वेणा सुरू झाल्यावर शांतपणे विचार करणे कोणासही साधत नाही.

ह्या बाबतीत आमच्या मंडळ्यांत दोन प्रकारची माणसे दिसतात. काहींच्या घरी बाळ येईपर्यंत चिंधीही जमवीत नाहीत. आधी कपडे शिवले तर दृष्ट लागेल, असे म्हातारी माणसे म्हणतात. आणि ज्याने चोच दिली तो चाराही देईल, असे म्हणून तरणी माणसेही स्वस्थ बसतात. प्रभूने आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगितले, ही गोष्ट खरी. परंतु पाखराकडे पाहावयाचे तर नीट पाहावे. चिमणी अंडी घालण्यापूर्वी काडी काडी आणून घरटे बांधिते, आत मऊ पिसे अंथरिते. मात्र वर्षाचे दाणे आणून ती त्यात भरीत नाही. दुसऱ्या प्रकारची माणसे नेमके हेच दाणे भरू लागतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा मांडव, जरीची कुंची, चाकांची गाडी, रंगीत खेळणी, दुधाची बाटली, पावडरीचे डबे. आणि हे सर्व पुष्कळदा उसनवारीने. ऋण काढून सण करू नये, हे आम्ही लग्नाच्या बाबतीत वारंवार लिहिले आहे. बाळाच्या बाबतीत ते अधिक खरे आहे. कारण हे कर्ज फेडण्यासाठी जी मजुरी करावी लागते, ती बहुधा ओल्या बाळंतिणीसच करावी लागते.

आता शास्त्र उघडून पाहू. योसेफ आणि मरीया नासरेथाहून बेथलेहेमास गेली, ती नावनिशी लिहिण्याच्या सरकारी हुकुमाने. प्रवास लांबचा, दिवस भरलेले, आणि उतारशाळेत जागा नाही. बाळ निजले ते गुरांच्या गव्हाणीत. ह्या कथेवर उपदेश करणारे बहुतेक जण गव्हाणीचे दारिद्र्य वर्णन करितात आणि बाळंत्यापाशी थांबत नाहीत. आम्हांस तेथे थांबावेसे वाटते. लूक बाळंत्याचा उल्लेख एकदा करून सोडीत नाही. देवदूत मेंढपाळांस जी खूण देतो तीतही ते बाळंते आहेच. हे कापड त्या रात्री बेथलेहेमच्या वाटेवर सापडले, असे मानण्यापेक्षा मरीयेने ते घरूनच गाठोड्यात बांधून आणिले असावे, असे मानणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते. पाळणा नव्हता, खोली नव्हती. पण बाळास गुंडाळावयास जे पाहिजे ते हाताशी होते. सोने, ऊद आणि गंधरस पुढे मागी लोकांनी आणिले, आणि तेही मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे घरात आणिले. गव्हाणीजवळ सोने नव्हते, आणि त्यावाचून काही अडले नाही.

हन्नेची गोष्टही अशीच आहे. ती शमुवेलासाठी लहानसा झगा करीत असे आणि दर वर्षी नेऊन देत असे. दर वर्षी, कारण मूल वाढते. तिने पेटीभर झगे एकदम शिवून ठेविले नाहीत. जन्मापूर्वीच तीन तीन वर्षांचे कपडे जमविणाऱ्या आयाबहिणींनी हन्नेचे हे शिवणकाम ध्यानात घ्यावे.

मग बाळास खरोखर काय पाहिजे? आमचे पहिले उत्तर ऐकून कोणी आश्चर्य करील. बाळास सर्वांत आधी पाहिजे ती अंगात रक्त असलेली आई. 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 हून खाली गेले की त्यास पंडुरोग म्हणावयाचे. आणि अशा आईचे बाळ पुष्कळदा दिवस भरण्यापूर्वी जन्मते, किंवा अडीच किलोहून हलके भरते. त्याला जरीची कुंची घातली म्हणून वजन वाढत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, धनुर्वाताची सुई फुकट मिळते. 2015 साली आपला देश नवजात बालकांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आपल्या आज्यांनी ज्या रोगाने आठवड्याच्या आत बाळे गमाविली, त्याच्यावर जय मिळाला तो ह्या सुईने आणि नाळ कापण्याच्या स्वच्छतेने. पण गोळी मिळणे निराळे आणि ती पोटात जाणे निराळे. मळमळते म्हणून कित्येक सुना गोळ्या फडताळात ठेवून देतात. आणि सर्वांच्या मागून, तळाशी उरलेल्या कालवणावर जेवण्याची चाल आमच्या ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांतूनही गेलेली नाही. जेवणापूर्वी प्रार्थना करणाऱ्या घरधन्याने डोळे उघडल्यावर आपल्या बायकोच्या ताटाकडे पाहावे, एवढे आम्ही येथे स्पष्टच सांगतो.

दुसरे, गाठोडे. ते लहान असते. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी उकळत्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवावी. नव्या कापडाहून ती मऊ असतात. दहा-बारा लंगोट, तीन-चार झबली, दोन टोपडी, एक गोधडी, आणि शक्य तर लहानशी मच्छरदाणी. आईसाठी स्वच्छ कापडे व लुगडी. तपासणीचे कार्ड आणि आधारचा कागद त्यातच ठेवावा. रात्री दोन वाजता कागद शोधण्यात जी घटका जाते, ती पुष्कळदा महागात पडते.

ह्या गाठोड्याची एक परदेशी बहीण आहे, तिची हकिगत मनोरंजक आहे. फिनलंड देशात 1938 सालापासून गरीब मातांस सरकारकडून एक खोका मिळू लागला. त्यात बाळाचे कपडे व अंथरूण असे, आणि रिकाम्या खोक्यात गादी घालून बाळास निजविताही येई. 1949 पासून तो सर्व मातांस मिळू लागला, श्रीमंत असो वा गरीब. अट एकच : गरोदरपणाचा चौथा महिना संपण्यापूर्वी दवाखान्यात जाऊन तपासणी करून घेतली पाहिजे. त्या सरकारास कपडे द्यावयाचे होतेच, परंतु कपड्यांच्या निमित्ताने आई वेळेवर दवाखान्यात यावी, हा त्यातील मुख्य हेतू. आपल्या राज्य शासनानेही 2019 साली सरकारी रुग्णालयात जन्मणाऱ्या पहिल्या बाळासाठी अशा वस्तूंचा संच देण्याची योजना काढिली.

दुधाच्या बाटलीविषयी मात्र आम्ही निश्चयाने सांगतो की ती गाठोड्यात घालू नये. 1992 साली आपल्या देशात बाटली व डब्याचे दूध ह्यांच्या जाहिरातीस बंदी करणारा कायदा झाला, तो उगीच नव्हे. बाळ जन्मल्यापासून तासाच्या आत छातीशी धरावे. पहिले चिकाचे दूध पिवळे व घट्ट असते म्हणून कोणी ते पिळून टाकितात. बाळास रोगाशी लढण्याचे बळ देणारी जी शिदोरी देवाने बांधून दिली, ती उकिरड्यावर जाते. मध, घुटी, साखरेचे पाणी, ह्यांपैकी काहीही सहा महिने नको. नाळेवर हळद, तेल, राख नको. डोळ्यांत काजळ नको. बाजेखाली धुराची शेगडीही नको, जरी ती प्रेमानेच पेटविलेली असली तरी.

ऊब मात्र पाहिजे, आणि फार पाहिजे. पौष महिन्यात आपल्या भागात पहाटेचा गारठा कसा असतो हे काय सांगावे! नवजात बाळास आपले अंग आपण गरम ठेविता येत नाही. गारठलेले बाळ रडत नाही, ते निपचित होते, आणि गुणी आहे म्हणून घरातील माणसे संतुष्ट होतात. पहिला दिवसभर तरी आंघोळ घालू नये, डोके झाकलेले असावे. 1978 च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा शहरी एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळे फार आणि ती ठेवावयाच्या उबेच्या पेट्या थोड्या, असा प्रसंग होता. तेथील वैद्यांनी बाळास आईच्या उघड्या छातीशी, कातडीस कातडी लावून बांधून ठेविण्याची रीत काढिली. आज ती जगभर चालते, आमच्या जिल्ह्यातही. म्हणजे उत्तम पाळणाही आईच्याच अंगी आहे.

आता पुन्हा त्या बिनदाराच्या घराकडे येऊ. दार नाही, कुलूप नाही. तर मग राखण कशाने होते? गावकरी देवाचे नाव घेतील. आम्ही एवढेच पाहतो की अशा घरात शेजाऱ्याचा डोळा सतत असतो. निर्गमातील त्या लेवी स्त्रीने मोशेसाठी लव्हाळ्याचा पेटारा केला, त्यास डांबर व राळ लाविली, आणि मग काय केले? बहीण दूर उभी राहिली. पेटारा कितीही घट्ट असला, तरी काठावर कोणी उभे नसते तर पुढची कथा घडली नसती. बाळासाठी वस्तू ठरविताना माणसेही ठरवावी : रात्री कोण बरोबर जाईल, 108 वर फोन कोण लावील, ती गाडी वेळेवर न आल्यास कोणाची जीप मिळेल, रक्त लागले तर कोणते दोघे देतील, घरच्या थोरल्या पोरांस कोण जेवू घालील. डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून रक्त गेले, पाणी गेले, पोटात बाळाची हालचाल थांबली, तर सासूबाईंची परवानगी येईपर्यंत थांबावयाचे नाही, हेही आधी ठरले पाहिजे.

काठावर उभ्या राहणाऱ्या ह्या बहिणीचे सामर्थ्य आमच्याच जिल्ह्याने जगास दाखविले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970 साली जामखेडास आले. त्यांनी खेड्यातील स्त्रियांस, ज्यांतील कित्येकींस अक्षरओळख नव्हती, आरोग्य सेविका म्हणून शिकविले. 1979 साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी हीच दिशा पुढे नेली. 39 गावांतील स्त्रियांस नवजात बाळाची घरीच काळजी घेण्यास शिकविले, उबदार पिशवी दिली, औषध दिले; आणि त्या गावांत महिन्याच्या आतील बाळांचे मृत्यू शेकडा 62 ने घटले, असे 1999 साली प्रसिद्ध झाले. दवाखान्याची इमारत न वाढविता हे झाले.

शिंगणापूर, सोनई, घोडेगाव ह्या मुळेच्या कालव्याखालील भागात दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो आणि शेतांच्या कडेस कोप्या उभ्या राहतात. त्यांनाही दार नसते. श्रद्धेने नव्हे, दारिद्र्याने. तेथे कोयता म्हणजे नवराबायकोचे जोडपे. उचल दोघांनी मिळून घेतलेली, आणि एक दिवस काम चुकले की खाडा पडतो. म्हणून नववा महिना लागलेली बाई पहाटे उसात उतरते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. अशा स्त्रीस बाळाच्या गाठोड्याचा उपदेश करणे आम्हांस लाजिरवाणे वाटते. तिच्या बाळास पाहिजे ती तिची विश्रांती, आणि ती तिच्या हाती नाही. फारोच्या मुलीने मोशेच्या आईस तिच्याच बाळास दूध पाजण्याबद्दल वेतन दिले, हे आमचे वाचक बहुधा वाचून पुढे जातात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेस निदान 6000 रुपये देण्याचे म्हटले आहे, आणि 2017 पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये ठरले. हे वेतन त्याच जातीचे आहे. परंतु गाव सोडून आलेल्या बाईचे कागद गावी, बँकेचे पासबुक गावी, आणि अंगणवाडीच्या यादीत नावही गावचेच.

आमच्या मंडळीच्या स्त्रियांनी येत्या हंगामात कोप्यांवर जाऊन, कोणास कितवा महिना आहे एवढे विचारून यावे, आणि ते आशाताईंस व जवळच्या अंगणवाडीच्या बाईंस सांगावे. धुऊन वाळविलेली दुपटी बरोबर न्यावी. ज्यांच्या शेतात तोड चालू आहे असे आमचे बागाईतदार बंधू मुकादमाशी बोलून भरल्या दिवसांच्या बाईचे खाडे आपल्याकडे लावून घेतील काय, हे त्यांनी ह्या रविवारी उपासनेनंतर आपसांत ठरवावे.